डावा खांदा अर्धा इंच खाली

१२ जानेवारी

प्रिय ढोल्या,

आशीर्वाद. तुझं पाकीट मिळालं. आत माप असेल म्हणून हातातलं कापड तसंच टाकून फोडलं, तर आत माप नाही, फोटो! तोही उघड्या अंगाचा. सेहेचाळीस वर्षांचा घोडा, आखूड चड्डीत, दंड फुगवून उभा. मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. क्षणभर वाटलं, टपालवाल्याने कुणा पैलवानाचं पाकीट माझ्या दुकानात टाकलं. मग नाक ओळखलं. ते नाक आपल्या घराबाहेर मिळत नाही.

फोटो झकास आहे. पण गोदामातली नोकरी सुटून तू त्या जिमच्या काउंटरवर बसायला लागलास त्याला जेमतेम पाच महिने झाले. गेल्या वर्षी तुझी कंबर साडेएकोणचाळीस होती. पाच महिन्यांत काउंटरवर बसून कुणाचं पोट असं सपाट होत असेल तर मीही शिलाई मशीन विकून काउंटर घेतो. खरं काय ते कळव.

आणि माप पाठव. मी फोटोवर शर्ट शिवत नाही. सव्वीस वर्षं जानेवारीत तुझं माप येतं आणि फेब्रुवारीत माझे दोन शर्ट जातात. फोनवर सांगू नकोस, कागदावर लिही. वहीत तुझं पान उघडून ठेवलंय. माझी पद्धत तुला ठाऊक आहे : एका माणसाचं एकच माप. नवं लिहिलं की जुन्यावर रेघ. दोन-दोन मापं ठेवणारे शिंपी मी पाहिलेत. त्यांची गिऱ्हाइकं जन्मभर दोन शर्टांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असतात.

मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. आप्पांचा एक जुना कोट सात वेळा उसवला आणि सात वेळा शिवला, तेवढीच माझी शाळा. त्या शाळेत एक गोष्ट पक्की शिकलो. नजर फसते. टेप फसत नाही.

धाकटीला, तुझ्या बायकोला, आशीर्वाद सांग.

दादा


१९ जानेवारी

दादा,

नमस्कार. साष्टांग म्हणत नाही, पोट आडवं येतं.

हसू नकोस, पण फोटोतला तो मीच. म्हणजे एका सकाळी नऊ वाजता, साधारण एक सेकंदभर, मी तसा होतो.

झालं असं. आमच्या मालकाला जाहिरातीसाठी 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो हवे होते. माणूस साधा हवा, बघणाऱ्याला आपल्यातला वाटला पाहिजे. त्याची नजर माझ्यावर पडली. तीन दिवस मीठ बंद. आदल्या दुपारपासून पाणी बंद, चूळ भरायची आणि थुंकायची. सकाळी फोटोवाल्याने गुडघे टेकवून जोर काढायला लावले, का, तर दंडात रक्त उतरतं. मग अंगाला तेल. मग खोलीतले सगळे दिवे बंद आणि डोक्यावर एकच चालू. त्याने काय होतं माहितीये? जिथे खळगा नाही तिथेसुद्धा सावली पडते. "श्वास आत! पोट पाठीला लावा! हसा!" चारशे फोटो काढले, त्यातला एक तुला पाठवला. उरलेल्या तीनशे नव्व्याण्णवांत मी तुझा ढोल्याच आहे.

खरी गंमत पुढे. मग मला दीड लिटर पाणी पाजलं, चार केळी खायला घातली, खांदे पाडून, पोट सोडून समोरच्या दिव्यात उभं केलं आणि साडेदहाला 'आधी'चा फोटो काढला. 'नंतर' नऊला, 'आधी' साडेदहाला. खाली छापलंय 'फक्त बारा आठवडे'. आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी वेळेआधी झालं!

त्या 'नंतर'चा मालकाने माझ्याच उंचीचा पुठ्ठा कापून घेतलाय आणि दारात उभा केलाय. सकाळी कुलूप मी उघडतो, पण आत माझ्याआधी तो हजर. परवा एका बाईंनी विचारलं, "बाहेर उभे आहेत ते सर कधी शिकवतात?" मी म्हटलं, "तो मीच." त्या हसल्या. मग मीही हसलो, काय करणार!

माप सोबत. गळा साडेपंधरा, छाती एकोणचाळीस, कंबर साडेअडतीस, खांदा साडेसतरा, बाही साडेबावीस. बघ, उतरतोय मी.

ढोल्या


२५ जानेवारी

प्रिय ढोल्या,

तुझ्या फोटोवाल्याला सांग, शिंप्याच्या डोळ्यांत धूळ जात नाही. भिंग लावून पाहिलं. दिवा, तेल, श्वास हे सगळं तू सांगितलंस तसंच दिसतं. पण एक तू सांगितलं नाहीस, कारण तुलाही कळलेलं नाही.

आपल्या घराचा डावा खांदा अर्धा इंच खाली असतो. आप्पांचा होता, माझा आहे, तुझा आहे. तुझ्या प्रत्येक शर्टाला मी डावीकडे अर्धा इंच उतार देतो, म्हणून तो तुझ्या अंगावर सरळ दिसतो. या फोटोत उजवा खांदा खाली आहे. लस टोचल्याचा वण तुझ्या डाव्या दंडावर आहे, फोटोत तो उजव्यावर. पठ्ठ्याने तुला उलटा छापलाय, आरशासारखा. विचार त्याला.

आता तुझं माप. कंबर इंचाने कमी झाली, अभिनंदन. पण खांदा अर्ध्या इंचाने कमी? बाही अर्ध्या इंचाने कमी? अरे, हाडं डाएट करत नाहीत! कागद घेऊन बसलो. चाळिसाला एक, अठराला जवळपास अर्धा, तेविसाला अर्ध्याहून जरासं जास्त. सगळीकडे शंभराला अडीच. याचा अर्थ एकच : तुझ्याकडचा टेप ताणलाय. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून लांबतो, आणि लांबलेला टेप माप कमी दाखवतो. माणूस खूश होतो, शर्ट दाटतो. तेव्हा ते माप मी वहीत चढवलेलं नाही.

सोबत माझा टेप पाठवतोय, पोलादी पट्टीशी ताडून पाहिलेला. पुन्हा माप घे. आणि हो, त्या पुठ्ठ्यालाही टेप लाव. सपाट रुंदी पाठव, घेराचा हिशेब मी करतो. मला बघायचंय, माणसाचं अंग सोडून हे लोक काय विकतात ते.

पाणी पीत जा.

दादा


६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार.

तुझा डोळा म्हणजे डोळा! फोटोवाल्याने कबूल केलं. फोटो उलटा छापलाय, कारण जाहिरातीत बाण उजवीकडे जातो आणि 'नंतर'च्या माणसाने 'आधी'च्या माणसाकडे पाठ केलेली बरी दिसते. असं म्हणाला.

तुझ्या टेपने माप घेतलं. हिने घेतलं, मी नुसता उभा होतो. गळा पंधरा, छाती साडेसदतीस, कंबर सदतीस, खांदा सतरा, बाही पावणेबावीस. मी तीनदा घ्यायला लावलं, शेवटी ही वैतागली. "तुमचा दादा काय टेपवर अंगारा लावून पाठवतो का?" पोट आहे तेवढंच गोल आहे रे, नुसता सगळाच मी थोडा... कसं सांगू? लांबून बघितल्यासारखा. गेल्या वर्षीची पँट टाचेखाली येते.

आता त्याचं माप. दहा वाजता सकाळची गर्दी संपते, सगळी वजनं जागेवर गेलेली असतात, आरशांवरचा घाम पुसलेला असतो, तेव्हा घेतलं. खांदा एकोणीस, छातीची सपाट रुंदी साडेपंधरा, कंबरेची अकरा, बाही चोवीस. मी म्हटलं माझ्याच उंचीचा आहे, पण टेप लावताना मला टाचा उचलाव्या लागल्या. आणखी एक. पुठ्ठा गार नव्हता. दारात सावली असते, तरी.

मालकाने मला काउंटरवरून हलवलं. म्हणाला, "राग मानू नका, पण तुम्ही त्याच्या शेजारी बसलात की गिऱ्हाईक गोंधळतं." आता मागच्या खोलीत स्टुलावर बसतो. टॉवेल मोजून देतो-घेतो. लोक टॉवेल घेताना माझ्याकडे बघत नाहीत. बघतात, पण माझ्यावरून पलीकडे.

ढोल्या


१५ फेब्रुवारी

प्रिय ढोल्या,

तुझी मापं वाचून हसू आलं आणि रागही आला. धाकटीला माप घेता येत नाही, यात तिचा दोष नाही. टेपखाली बोट किती घालायचं हे शिकायला मला दोन वर्षं लागली. पण खांदा सतरा? बारावीतल्या मुलाचा असतो. पुन्हा घ्या. तोवर तुझे शर्ट थांबलेत.

पुठ्ठ्याचा हिशेब मात्र केला. छाती एक्केचाळीस, कंबर साडेअठ्ठावीस. छाती आणि कंबर यांत साडेबारा इंचांचा फरक! चौतीस वर्षांत माझ्या कात्रीखालून असलं अंग गेलेलं नाही. म्हणून एक गंमत केली. त्या मापाचा शर्ट शिवला, पांढरा, उत्तम कापडाचा. उजवीकडे अर्धा इंच उतार दिला, उलटा माणूस आहे ना! पान तुझंच उघडं होतं, तिथेच माप लिहून टाकलं.

हा शर्ट त्या पुठ्ठ्याला घाल आणि दारात ठेव. लोकांना दिसू दे, असल्या मापाचं कापड कसं विचित्र दिसतं. असला माणूस रस्त्याने चालत नसतो हे त्यांना टेप न लावताही कळेल. तुझ्या मालकाला म्हणावं, शिंप्याकडून भेट.

दादा


२ मार्च

दादा,

शर्ट घातला. विचित्र दिसला नाही. कुणीच हसलं नाही. मालक दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला आणि म्हणाला, "आता कसा भरला!" पुठ्ठा सपाट असतो ना? तरी पाठीकडून कापड टेकलेलं दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तर शर्टाच्या दोन्ही बाह्यांना आतल्या बाजूने सुरकुत्या. कोपर दुमडल्यावर पडतात तशा. पुठ्ठ्याला कोपर नाही, दादा.

मी पुन्हा टेप लावला. छातीची रुंदी पाव इंच वाढलीय, कंबर पाव इंच कमी झालीय. आणि माझा खांदा सोळा. ही म्हणते, पुरे आता, टेप फेकून द्या.

फळवाला काल म्हणाला, "साहेब, काय पळता हो तुम्ही! पहाटे बागेला सात चकरा मोजल्या मी." पहाटे मी घरी होतो. बुटाची नाडी बांधत होतो, पोटामुळे दोन हप्त्यांत बांधावी लागते. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मी तुम्हाला नाही म्हणालो." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दोन दिवस पाणी सोडलंय. रागवू नकोस. मला वाटतं, त्या सकाळी नऊ वाजता तो आणि मी एकच होतो. तो एक सेकंद परत पकडता आला तर सगळं जागेवर येईल. पण आरशात बघितलं की मीच मला थोडा मागे उभा दिसतो.

ढोल्या


७ मार्च

ढोल्या,

पहिलं पाणी पी. हे पत्र वाचायचं थांबव, तांब्या भरून पी, मग पुढे वाच. हा हुकूम आहे.

प्यालास? आता ऐक. जिममधला कुणीतरी तो शर्ट घालून पळायला जातो आणि परत अडकवून ठेवतो. कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते बघ. पुठ्ठ्याचं म्हणशील तर पुठ्ठा हवेने आकसतो, लाकडासारखा. यात भुताटकी नाही. तू उपाशी आहेस, म्हणून डोकं हलकं झालंय. नोकरी गेली तर जाऊ दे. ती स्टुलावरची खोली सोड आणि इकडे ये. माझ्या डोळ्यांसमोर माप घेतो.

दादा


१२ मार्च

दादा,

अक्षर बारीक आलंय, पेन जड लागतं.

पुठ्ठा आकसतो म्हणालास. आकसणारी वस्तू छातीत कशी फुगेल?

काल दारात तो नव्हता. मालकाला विचारलं. तो इकडे तिकडे बघत म्हणाला, "आत्ता तर घरी गेला." मी धावत घरी आलो. धावत म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. हिने दार उघडलं आणि बाहेर वाकून बघितलं, मी समोर उभा असताना. मग माझा हात तिच्या हाताला लागला तेव्हा दचकली. "तुम्ही तर आत आहात," म्हणाली.

दादा, माझं जुनं माप तुझ्या वहीत आहे ना? तेवढं खोडू नकोस.

ढोल्या


१६ मार्च

प्रिय ढोल्या,

घाबरवू नकोस. वही आत्ता उघडून पाहिली. पुठ्ठ्याचं माप लिहिताना हाताच्या सवयीने जुन्यावर रेघ मारली गेली आहे खरी. त्यात काय एवढं? रेघेखालचे आकडे स्पष्ट वाचता येतात. तू रविवारी ये, नाहीतर मी येतो.

दादा


२३ मार्च

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. माझी प्रकृती उत्तम आहे. काळजीचं काहीही कारण नाही. आपण शिवलेला शर्ट फार छान बसतो. पुढचे दोन शर्ट त्याच मापाचे करावेत. माप आपल्याकडे आहेच. आपण येण्याची तसदी घेऊ नये, मीच येऊन भेटतो.

आपला,
धाकटा भाऊ


२८ मार्च

दादांना नमस्कार.

मी कधी तुम्हाला पत्र लिहिलेलं नाही, चूकभूल माफ करा. एकच विचारायचं होतं. हे लहानपणी डावरे होते का?

तक्रार नाही. लोक तर माझं कौतुक करतात. हे पहाटे उठतात, कपड्यांच्या घड्या घालतात, घोरत नाहीत. ताट वाढलं की समोर बसतात, हसतात, आणि ताट तसंच राहतं. पाणी पिताना मी दहा दिवसांत पाहिलेलं नाही. दाढी डाव्या हाताने करतात, भांगही दुसऱ्या बाजूला पाडतात. विचारलं तर नुसते हसतात. हसू चांगलं आहे, पण सकाळचं आणि संध्याकाळचं अगदी एकसारखं असतं.

वेडेपणा वाटेल, पण सांगते. कपाटाच्या आरशात हे दिसले की मला ओळखीचे वाटतात. खांदा, भांग, वण, सगळं जिथल्या तिथे. म्हणून मी आता यांच्याशी बोलताना आरशात बघून बोलते. मग मान वळवायची भीती वाटते.

सोफ्यावर यांच्या नेहमीच्या जागी खळगा आहे, माहितीये ना तुम्हाला? पूर्वी हसायचो आपण. हे तिथे बसत नाहीत. पण खळगा भरूनही येत नाही. उशी झटकून ठेवते, तासाभराने पुन्हा खोल. काल तिथे हात ठेवला तर ऊब होती.

उत्तर लवकर द्या. उत्तर माझ्या नावाने पाठवा.

तुमची धाकटी भावजय


११ एप्रिल

प्रिय ढोल्या,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या पत्त्यावर तो राहत होता.

धाकटीचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी निघायला हवं होतं. पण हातात एक कोट होता, त्याचं अस्तर अर्धवट सोडवेना. दुसऱ्या दिवशी कोट संपवला, पिशवी भरली, आणि सकाळी अकरा वाजता दुकानाला कुलूप लावणार तर तो दारात.

माझा शर्ट अंगात होता. ढोल्या, एवढा बसलेला शर्ट मी आयुष्यात शिवलेला नाही. बगलेशी, मुंढ्याला एक चुणी नाही, पाठीला एक लाट नाही. आधी तेच बघत राहिलो. लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मला अभिमान वाटला.

"दादा," म्हणाला. आवाज तुझाच. पाटावर उभा राहिला, न सांगता हात बाजूला केले. मी टेप काढला. काय बोलावं ते सुचलं नाही की मी टेप काढतो, तुला माहीत आहे.

छाती एक्केचाळीस. कंबर साडेअठ्ठावीस. खांदा एकोणीस, बाही चोवीस. तू लिहिलेला तो पाव इंचही नाही, सूतभरही इकडेतिकडे नाही. तुला सांगतो यात काय वाईट आहे ते. सपाट रुंदीवरून घेर काढायचा माझा हिशेब अंदाजाचा आहे. खऱ्या अंगाने तो कधी पाळलेला नाही, कुणाचा पाव इंच पुढे, कुणाचा अर्धा मागे. अंग म्हणजे तेच. याने तो शेवटच्या आकड्यापर्यंत पाळला. कारण याचं अंग माझ्या वहीतून आलं होतं. फोटोवाल्याने त्याला दिवा दिला, मालकाने पुठ्ठा दिला, आणि माप दिलं मी. तुझ्या पानावर.

तू चार पत्रांत मला सांगत होतास. मी टेप तपासत बसलो.

शेवटी खांद्यावर पट्टी ठेवली. उजवा अर्धा इंच खाली.

"पाणी घे," म्हटलं. भांडं हातात घेतलं, हसला, खाली ठेवलं. "शर्ट टाक ना दादा. माप आहेच तुझ्याकडे."

मी वही उघडली, तुझं पान काढलं. त्याच्या समोर त्याच्या मापावर रेघ मारली. एक नाही, दोन मारल्या. आणि खाली तुझं माप पुन्हा लिहिलं : गळा सोळा, छाती चाळीस, कंबर साडेएकोणचाळीस, खांदा अठरा, बाही तेवीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. आकडे स्वच्छ आलेत.

तो हसतच होता. हसू बदललं नाही, ते बदलता येत नसावं. "लिही ना दादा," एवढंच म्हणाला, दोनदा, एकाच सुरात. मी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसलो. बराच वेळ उभा राहिला. मग वळला. उंबऱ्यात तो बाजूने दिसला तेव्हा माणूस दिसला नाही, दारात नुसती एक उभी रेघ दिसली. ऊन डोळ्यांवर आलं असेल, असं मी धाकटीला सांगितलं. तुला खरं सांगतो, ऊन नव्हतं.

धाकटी म्हणते, त्या दिवसापासून तो घरी आलेला नाही. जिमच्या दारात पुठ्ठाही नाही. मी जाऊन आलो. मागच्या खोलीतलं स्टूल रिकामं आहे, टॉवेल कुणी मोजत नाही. सोफ्यावरचा खळगा मात्र पाहिला. मी त्याच्या शेजारी बसलो, दोन तास. उठताना तुझी उशी झटकली नाही.

परत आल्यावर तुझे दोन शर्ट शिवले. निळा धाडलाय धाकटीकडे, ती तो सोफ्याच्या पाठीवर टाकते. पांढरा इथे, दाराजवळच्या खुंटीवर आहे, आणि हे पत्र त्याच्या खिशात ठेवतोय. पोटाला भरपूर कापड सोडलंय, बसताना ओढणार नाही. इस्त्री मी स्वतः केली, काल दुपारी, कडक.

आज सकाळी दुकान उघडलं तर त्याच्या पोटावर एक आडवी सुरकुती होती. बसून उठलेल्या माणसाच्या शर्टाला पडते तशी, तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधे. मी तिच्यावर पुन्हा इस्त्री फिरवलेली नाही.

घाई करू नकोस. वाटेत पाणी पी, दिसेल तिथे बस, दम खा. पाटाशेजारी खुर्ची ठेवली आहे. टेप गळ्यात आहे, पण तो मी तुला लावीनच असं नाही. माप कितीही निघो. डावा खांदा तेवढा अर्धा इंच खाली असू दे.

दादा